व्हेन नंतरचं ‘विल’ काढलं तरी वाक्य चुकायलंय? मग ‘ताना’ आणि ‘झाल्यावर’ लावून बघा

परभणीत संध्याकाळची इंग्लिशची बॅच घेतो मी. बारावीची लेकरं, पोलीस भरतीवाले, एमपीएससीवाले, सगळे एकाच खोलीत, आणि इतक्या वर्षांत माझा लाल पेन सगळ्यात जास्त झिजलाय तो एकाच जागी, व्हेन, आफ्टर, अंटिल, ॲज सून ॲज असलं काही आलं की त्याच्या पुढच्या क्रियापदावर. दरवर्षी नवी लेकरं आणि दरवर्षी तीच चूक. आणि खरं सांगायचं तर त्यातली अर्धी चूक मीच शिकवत होतो, ते मला लई उशिरा कळलं.

कळलं ते माझ्या भाचीमुळं. ती बेंगलोरला नोकरीला लागली. टीम लीडनं दुपारी कॉल करायला सांगितला, ही तेव्हा जेवायला बसायलेली, तर हिनं मेसेज टाकला, ‘आय विल कॉल यू व्हेन आय ईट.’ तिकडून उत्तर आलं, ‘प्लीज ईट फर्स्ट,’ आणि पुढं हसणारं तोंड. हिला कळेना, आपण तेच तर म्हणलो. लगेच मला फोन, “मामा, तुम्हीच शिकवलं ना व्हेन नंतर विल लावायचं नाही म्हणून, मी लावलं का? मग तो हसायला काहून?”

लावलं नव्हतं. नियमात वाक्य बरोबर बसत होतं. पण समोरच्याला ते कसं ऐकू गेलं, तर ‘मी जेवताना तुम्हाला फोन करते’. तोंडात घास आणि कानाला फोन.

म्हणजे या दुखण्याचे दोन थर आहेत आणि आपण (मी पण) फक्त वरचा थर खरवडतो. वरचा थर म्हणजे ‘विल’. तो सगळ्यांना माहिती आहे म्हणून पटकन उरकतो, पण त्याचं मूळ बघायला पाहिजे कारण खालच्या थराचा इलाज तिथंच सापडतो.

‘व्हेन ही विल कम, वी विल ईट’ हे वाक्य येतं कुठून? ‘जेव्हा तो येईल तेव्हा जेवू’ इथून. ‘येईल’ दिसलं की हात आपोआप ‘विल’ लिहितो. दुसरी एक चूक असते, ‘व्हेन ही केम, वी विल ईट’, ती कमी दिसते पण दिसते. ती येते ‘तो आला की जेवू’ इथून. आता गंमत बघा, ‘आला’ हा भूतकाळ आहे आणि आपण बोलायलोय अजून न आलेल्या माणसाबद्दल. मराठीत हे सर्रास चालतं. पाऊस पडला की पेरू, पगार झाला की देतो, तू पोचलास की फोन कर. आमच्या गावाची म्हण आहे ना, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’, म्हणजे जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच, त्यातलं ‘बनी’ पण तसंच, रूप झालेल्या गोष्टीचं आणि गोष्ट पुढची. तेव्हा लेकराची चूक बघून कळतं ते मनात कुठलं मराठी वाक्य घेऊन बसलंय, विल लिहिलं तर ‘जेव्हा-तेव्हा’ घेऊन, केम लिहिलं तर ‘आला की’ घेऊन. इंग्लिश दोन्ही घेत नाही. इंग्लिशचं म्हणणं असं की पुढच्या काळाची गोष्ट आहे हे मेन क्लॉजमधल्या (वाक्याच्या मुख्य तुकड्यातल्या) ‘विल’नं एकदा सांगितलं ना, मग टाइम क्लॉजमध्ये (व्हेन, आफ्टर, अंटिलवाल्या तुकड्यात) परत कशाला, तिथं प्रेझेंट ठेवा. ‘व्हेन ही कम्स, वी विल ईट.’ झालं, पहिला थर संपला.

आता हा नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो, ‘व्हेन नंतर विल नाही, प्रेझेंट सिम्पल’. त्यातलं ‘सिम्पल’ हेच घातक निघालं. कारण तिथं मुख्यतः दोन प्रेझेंट चालतात, सिम्पल (ईट, कम्स) आणि परफेक्ट (हॅव ईटन, हॅज कम), आणि दोन्हीचा अर्थ कधी एकच निघतो तर कधी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मी एकच सांगितला म्हणून लेकरं सगळीकडं तोच लावत सुटली. त्यात मराठीचीही एक अडचण आहे. आपण ‘मी जेवलोय’ म्हणतो, तो चांगला प्रेझेंट परफेक्टच आहे, पण ‘मी जेवलोय की येतो’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे टाइम क्लॉजमध्ये परफेक्ट बसवायची सवय आपल्या जिभेला मुळातच नाही.

पण त्याच कामासाठी आपल्याकडं दुसरं एक हत्यार आहे आणि ते प्रत्येकाच्या घरात रोज वापरात असतं, ‘-ून झाल्यावर’. जेवून झाल्यावर, वाचून झाल्यावर, भरून झाल्यावर. भाचीचा फोन ठेवला आणि मला हेच सुचलं. ती खरं म्हणजे म्हणत होती ‘जेवून झाल्यावर फोन करते’. मग इंग्लिश झालं ‘आय विल कॉल यू व्हेन आय हॅव ईटन’. कुणी हसत नाही.

तर पहिली टेस्ट अशी. इंग्लिश वाक्य लिहायच्या आधी टाइम क्लॉजवाला तुकडा मराठीत मनात म्हणा आणि बघा त्याला ‘-ून झाल्यावर’ लागतं का, आणि तुम्हाला तेच म्हणायचंय का. लागतं आणि म्हणायचंय, तर हॅव किंवा हॅज आणि थर्ड फॉर्म (ईट-एट-ईटन मधलं ईटन). लागतच नाही, तर सिम्पल. ‘पोचून झाल्यावर फोन करतो’ म्हणून बघा. हसू येतं ना? म्हणून ‘व्हेन आय रीच, आय विल कॉल यू’. ‘सापडून झाल्यावर’, ‘दिसून झाल्यावर’, असलं कुणी बोलत नाही, म्हणून ‘व्हेन आय फाइंड इट’, ‘व्हेन यू सी हिम, टेल हिम’. या गोष्टी क्षणात घडतात, त्यांना सुरुवात आणि शेवट असे दोन टोकं नसतात, मग झालं-नाही झालं हा प्रश्नच उरत नाही. पण तोच ‘सी’ सिनेमाबद्दल घ्या, ‘बघून झाल्यावर मला दे’ म्हणता येतं, कारण सिनेमा अडीच तास चालतो. म्हणून ‘गिव्ह इट टू मी व्हेन यू हॅव सीन इट’. क्रियापद एकच, काम वेगळं. क्रियापदांच्या याद्या पाठ करून काही होत नाही ते म्हणूनच, मी पण आधी याद्या दिल्या होत्या, फाडून टाकल्या.

सगळ्यात चांगलं उदाहरण फॉर्मचं आहे, भरतीवाल्यांना लगेच कळतं. ‘व्हेन यू फिल द फॉर्म, यूज ब्लॅक पेन’ आणि ‘व्हेन यू हॅव फिल्ड द फॉर्म, गो टू विंडो थ्री’. पहिलं म्हणजे फॉर्म भरताना काळा पेन वापरा, दुसरं म्हणजे भरून झाल्यावर तीन नंबर खिडकीवर जा. आता यांची अदलाबदल करून बघा. पहिल्यात परफेक्ट टाकलं तर फॉर्म भरून झाल्यावर काळा पेन वापरा, आता काय भिंतीवर लिहू का? दुसऱ्यात सिम्पल टाकलं तर माणूस फॉर्म भरत भरत खिडकीकडं चालायला लागतो. वर्गात हे करून दाखवलं, एका पोरानं उठून चालत चालत लिहून दाखवलं, त्या दिवसापासून त्या बॅचला हा मुद्दा परत सांगावा लागला नाही.

खरी मेख ‘व्हेन’मध्ये आहे. ‘आफ्टर’ बिचारा स्वतःच सांगतो की हे आधी आणि ते नंतर, म्हणून ‘आफ्टर आय ईट’ म्हणा नाहीतर ‘आफ्टर आय हॅव ईटन’ म्हणा, अर्थ तोच, परीक्षेत दोन्ही बरोबर, त्यावर डोकं खपवू नका. ‘व्हेन’ तसं काही सांगत नाही. त्याचा अर्थ ‘ताना’ पण होतो आणि ‘ल्यावर’ पण होतो, आणि मग नेमका कुठला ते ठरवायचं काम क्रियापदावर येऊन पडतं. ‘वन्स’ आणि ‘ॲज सून ॲज’ मधे कुठंतरी बसतात, तिथं सिम्पल चुकत नाही सहसा, पण काम लांबलचक असलं (घर बांधणं, पुस्तक वाचणं, हिशोब करणं) तर परफेक्ट जास्त साफ वाटतं.

पावसाचं घ्या, आपल्याकडं याच्याइतकं जिव्हाळ्याचं टाइम क्लॉज दुसरं नसेल. मृग लागला की लोक आभाळाकडं बघायला लागतात आणि कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. हे इंग्लिशमध्ये करा. ‘डू नॉट सो अंटिल इट रेन्स’ केलं तर काय झालं? पाऊस पडेपर्यंत पेरू नका, म्हणजे पहिली सर पडली की पेरा. सोयाबीनचं बी महागाचं, वर पावसानं ताण दिला, झाली दुबार पेरणी. ‘डू नॉट सो अंटिल इट हॅज रेन्ड वेल’ म्हणलं की मग चांगला पाऊस होऊन गेलेला असला पाहिजे, जमिनीत ओल गेलेली असली पाहिजे. एका हॅजमध्ये बियाण्याच्या बॅगा वाचल्या. आणि इथं मराठीतली खूण पण टिपून ठेवा, ‘झाल्याशिवाय … नका’ आलं की इंग्लिशमध्ये ‘डोन्ट … अंटिल’ आणि पुढं हॅव-हॅज. फी भरल्याशिवाय, सही केल्याशिवाय, वाचल्याशिवाय, सगळे याच साच्यातले. ‘डोन्ट साइन इट अंटिल यू हॅव रेड इट.’

अंटिलवर आहोतच तर तिथली दुसरी चूक पण उरकून घेऊ. ‘जोपर्यंत तू फी भरत नाहीस तोपर्यंत हॉल तिकीट नाही.’ लेकरं लिहितात ‘अंटिल यू डू नॉट पे द फी’. मराठीत ‘नाही’ लागतं, इंग्लिशमध्ये अंटिलच्या पोटात ते ‘नाही’ आधीच आहे, परत टाकलं की उलटं होतं. इलाज सोपा, जोपर्यंत-तोपर्यंत सोडून ‘भरेपर्यंत’ म्हणा, ‘नाही’ आपोआप गळून पडतं. मग ‘अंटिल यू पे’ नाहीतर ‘अंटिल यू हॅव पेड’. हे मी म्हणतो म्हणून नाही, स्वतः पाच वाक्यं करून बघा.

स्वयंपाकाचं एक सांगतो कारण आकडे आणि वेळ आली की काय होतं ते तिथं बरोबर दिसतं. डाळ अर्धा तास भिजली की कुकरला लावायची. ‘व्हेन द डाळ हॅज सोक्ड फॉर हाफ ॲन आवर, पुट इट इन द कुकर.’ इथं ‘सोक्स’ लावून बघा, कसंतरीच होतं. ‘इतका वेळ झाल्यावर’ असं मोजमाप आलं की परफेक्टकडं वळायचं. शिट्ट्यांचं थोडं वेगळं आहे. ‘व्हेन द कुकर व्हिसल्स’ म्हणजे शिट्टी झाली की. तीन शिट्ट्या म्हणल्या तर ‘व्हेन इट हॅज व्हिसल्ड थ्री टाइम्स, टर्न ऑफ द गॅस’ हे पक्कं, पण ‘व्हिसल्स थ्री टाइम्स’ पण लोक म्हणतात आणि त्याला चूक म्हणायची माझी हिंमत नाही, शिट्टी ही क्षणातली गोष्ट आहे ना.

तर ही ‘झाल्यावर’ टेस्ट घेऊन मी दोनेक महिने लई खुशीत होतो. मग एका पोरीनं ती मोडली. ती म्हणायली, “सर, पाहुणे गेल्यावर बोलू, याचं काय करायचं? जाऊन झाल्यावर असं तर कुणी म्हणत नाही. मग सिम्पल लावू का?” आणि वहीत तिनं लिहिलेलं, ‘वी विल टॉक अबाउट इट व्हेन द गेस्ट्स लीव्ह’. टेस्टप्रमाणं बरोबर. पण मला ते बोचायला लागलं. पाहुणे निघतायत, चपला घालतायत, आणि आपण त्यांच्यासमोरच त्यांचा विषय काढतोय असं चित्र त्यातून येऊ शकतं. (पाहुण्यांबद्दल बोलायचं असेल तर ते गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत थांबावं लागतं हे काय सांगायचं.) तिथं ‘व्हेन द गेस्ट्स हॅव लेफ्ट’ च पाहिजे.

म्हणून दुसरी टेस्ट लावली, ‘ताना’. लिहिलेल्या सिम्पलच्या जागी मराठीत ‘ताना’ घालून वाचा आणि स्वतःला विचारा, कुणी असा अर्थ घेतला तर गडबड होईल का? ‘पाहुणे जाताना बोलू.’ होईल, मोठी होईल. मग परफेक्ट. उलट ‘व्हेन द गेस्ट्स लीव्ह, गिव्ह देम द स्वीट्स’ मध्ये ‘जाताना मिठाई द्या’ हेच तर पाहिजे, मग सिम्पल बरोबर, आणि इथं जर हॅव लेफ्ट टाकलं तर मिठाईचा डबा घेऊन रिक्षामागं पळायची वेळ येते. ‘पोचताना फोन करतो’ म्हणलं तरी काही बिघडत नाही, दोन मिनिटांचा फरक, म्हणून रीच ला सिम्पल पुरतं. ‘लेकरू झोपल्यावर काम करू’ मध्ये मात्र ‘झोपताना’ चालत नाही, ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे त्यांना विचारा, ‘व्हेन द बेबी हॅज फॉलन अस्लीप’.

दोन्ही टेस्ट एकत्र लावल्या की शंभरातली बहुतेक वाक्यं सुटतात. आधी ‘ताना’ लावून बघायचं, बिघडत नसेल तर सिम्पल ठेवून मोकळं व्हायचं. बिघडत असेल तर परफेक्ट. आणि ‘-ून झाल्यावर’ सहज लागत असेल तर शंकाच नको.

‘बिफोर’लाही हीच किल्ली लागते, फक्त शब्द बदलतात. ‘बोलायच्या आधी विचार कर’ म्हणजे ‘थिंक बिफोर यू स्पीक’, सरळ सिम्पल. पण ‘माझं बोलून व्हायच्या आत तो उठून जातो’ म्हणजे ‘ही गेट्स अप बिफोर आय हॅव फिनिश्ड’. ‘-ून व्हायच्या आत’ दिसलं की परफेक्ट.

‘बाय द टाइम’ला लोक विनाकारण घाबरतात. ‘तू स्टेशनला पोचेपर्यंत गाडी गेलेली असेल.’ पोचेपर्यंत ला सिम्पल, ‘बाय द टाइम यू रीच द स्टेशन’, आणि परफेक्ट गेलं मेन क्लॉजमध्ये, ‘द ट्रेन विल हॅव लेफ्ट’. मराठीतलं ‘गेलेली असेल’ शब्दाला शब्द तेच आहे, गेलेली म्हणजे लेफ्ट आणि असेल म्हणजे विल हॅव. घाई करणाऱ्यांची चूक अशी की ते विल हॅव उचलून बाय द टाइमच्याच पुढं चिकटवतात.

आता एक जागा अशी आहे की जिथं व्हेन नंतर विल चालतं आणि तिथं माझी हुशार लेकरं ते खोडून चूक करतात. ‘कधी येणार ते सांग’ आणि ‘आल्यावर सांग’. पहिलं ‘टेल मी व्हेन यू विल कम’, दुसरं ‘टेल मी व्हेन यू कम’. पहिल्यातलं व्हेन म्हणजे ‘कधी’, तो प्रश्न आहे पोटात लपलेला, टाइम क्लॉज नव्हेच. ‘निकाल कधी लागेल माहिती नाही’ याचं ‘आय डोन्ट नो व्हेन द रिझल्ट विल कम’ एकदम बरोबर आहे. मराठीत ‘कधी’ आलं तर विल ठेवा, ‘जेव्हा’, ‘की’, ‘ल्यावर’ आलं तर काढा.

टेस्ट लावून पण लाल पेन चालायलाच असेल तर मग बघायचं की हॅव लावलं पण थर्ड फॉर्म नाही लावला, ‘व्हेन आय हॅव ईट’. हे इतकं होतं की विचारू नका. दुसरं, ‘व्हेन आय विल हॅव फिनिश्ड’, विल हाकलला होता तो हॅवचं बोट धरून परत आत आलाय. आणि तिसरं म्हणजे परफेक्ट शिकल्याच्या आनंदात सगळीकडं तेच, ‘व्हेन आय हॅव रीच्ड, व्हेन आय हॅव नोन’. पहिल्याला चूक म्हणता येणार नाही पण ‘व्हेन आय रीच’ पुरत असताना कशाला ओझं. दुसरं मात्र नकोच, ‘मला कळल्यावर सांगतो’ याचं साधं ‘आय विल टेल यू व्हेन आय नो’.

परीक्षेवाल्यांसाठी एवढंच की पर्यायात बहुतेक वेळा विल कम, कम आणि केम यांच्यातच झटापट असते, तिथं कम मारा आणि पुढं चला. कम्प्लीट आणि हॅव कम्प्लीटेड दोन्ही पर्यायात दिसले तरच थांबा, वाक्यात मोजमाप आहे का बघा, ‘ताना’ लावून बघा.

भाचीचा परवा मेसेज आला, इंग्लिशमध्ये, मला दाखवायलाच लिहिलेला दिसतो. ‘मामा, आय विल बुक द तिकीट ॲज सून ॲज माय लीव्ह हॅज बीन ॲप्रूव्हड.’ मी उत्तर टाकलं, ‘टेल मी व्हेन यू विल कम.’ तिचं लगेच, “कधी का आल्यावर, मामा?” म्हणलं, कधी. आल्यावर तर दिसशीलच.